साठच्या दशकातली सिंगल्स: पॉप, सोल आणि सायकेडेलिक संगीताविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका आणि ब्रिटनमधल्या साठच्या दशकातल्या संगीताची गोष्ट बहुतेक वेळा गाजलेल्या अल्बमांच्या नावांनी सांगितली जाते. माझं ठाम मत वेगळं आहे. त्या दहा वर्षांतलं जवळजवळ प्रत्येक मोठं पाऊल आधी सात इंची तबकडीवर पडलं, आणि त्यात डेट्रॉइट व मेम्फिसच्या कृष्णवर्णीय कलाकारांचा वाटा लंडन-लिव्हरपूलइतकाच मोठा होता. खालची उत्तरं वाचताना ती ती गाणी शोधून ऐकावीत. वाचन आणि ऐकणं बरोबरीनं चाललं तरच यात गंमत आहे.

सिंगल म्हणजे नेमकी कोणती वस्तू?

सात इंच व्यासाची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी विनाइलची रेकॉर्ड. आरसीए व्हिक्टर कंपनीनं ती १९४९ मध्ये बाजारात आणली. त्याच्या आदल्या वर्षी कोलंबियानं मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी, म्हणजे बरीच गाणी मावणारी मोठी रेकॉर्ड, आणली होती. एलपी घेणं शाळकरी मुलांना परवडत नसे, सिंगल मात्र खाऊच्या पैशांत येई. ज्यूकबॉक्समध्येही हीच रेकॉर्ड वाजायची.

एका बाजूला एक गाणं, उलटल्यावर दुसरं. कंपनीची भिस्त जिच्यावर असे ती 'ए' बाजू. 'बी' बाजूकडे वरिष्ठांचं फारसं लक्ष नसे, त्यामुळे तिथं कधीकधी जास्त मोकळेपणानं काम व्हायचं. बुकर टी अँड द एमजीज यांचं 'ग्रीन अनियन्स' १९६२ मध्ये आधी बी बाजूलाच होतं. ते लोकांना आवडतंय असं दिसल्यावर कंपनीनं ते ए बाजूला घेऊन पुन्हा काढलं.

गाणी अडीच-तीन मिनिटांचीच का असायची?

काही कारण तांत्रिक, काही धंद्याचं. सात इंचांत जास्त वेळ बसवायचा तर खाचा अरुंद कराव्या लागतात आणि आवाज दबतो. एएम रेडिओला जाहिरातींच्या मधे जास्तीत जास्त गाणी हवी असत. ज्यूकबॉक्सच्या मालकालाही गाणं लवकर संपून पुढचं नाणं पडलेलं हवं असे.

मराठी रसिकाला हे बंधन नवं वाटू नये. अब्दुल करीम खाँसाहेबांनी अख्खा राग आणि बालगंधर्वांनी अख्खं नाट्यपद ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या तीन-साडेतीन मिनिटांत बसवलं होतं. वेळ कमी असला की आलापाला जागा उरत नाही, पहिल्याच सुरात ऐकणाऱ्याला धरावं लागतं. साठच्या दशकातल्या निर्मात्यांनी ही विद्या फार पुढे नेली. रॉनेट्सच्या 'बी माय बेबी'ची (१९६३) सुरुवात आठवा. हॅल ब्लेनचे ड्रमवरचे ते चार-पाच ठोके पडतात आणि पुढचं काहीही ऐकायच्या आधी आपण त्या गाण्याचे होऊन जातो.

या मर्यादेला बगल देण्याचे प्रयत्नही झाले. राइचस ब्रदर्सचं 'यू'व्ह लॉस्ट दॅट लव्हिन' फीलिन'' (१९६४) पावणेचार मिनिटांचं होतं. रेडिओवाले बिचकतील म्हणून निर्माता फिल स्पेक्टरनं लेबलवर ३:०५ एवढीच वेळ छापून घेतली! पुढच्याच वर्षी बॉब डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' सहा मिनिटांच्या वर गेलं, आणि १९६८ मध्ये बीटल्सचं 'हे ज्यूड' सात मिनिटांच्याही पुढे जाऊन अमेरिकेत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

बीटल्स येण्याआधी पॉप संगीत मरगळलेलं होतं, हे खरं आहे का?

हा समज बराच पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरच्या ब्रिल बिल्डिंगमध्ये आणि तिच्या आसपासच्या इमारतींमध्ये तरुण गीतकार-संगीतकारांच्या जोड्या रोज पियानोला भिडून बसलेल्या असत. कॅरल किंग आणि जेरी गॉफिन यांनी लिहिलेलं 'विल यू लव्ह मी टुमॉरो' शिरेल्सनी १९६० मध्ये गायलं आणि १९६१ च्या सुरुवातीला ते बिलबोर्ड मासिकाच्या हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. कृष्णवर्णीय मुलींच्या गटाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. आजची रात्र सरल्यावर उद्या सकाळीही तुझं प्रेम असेल का, असा प्रश्न एक तरुण मुलगी सरळ विचारते. त्या काळात रेडिओवर हे ऐकू येणं लहान गोष्ट नव्हती.

लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत फिल स्पेक्टर एकाच खोलीत तीन-चार गिटारवाले, दोन-तीन पियानोवाले आणि तालवाद्यांचा ताफा बसवून सगळ्यांना एकदम वाजवायला लावायचा. तो एकत्रित आवाज प्रतिध्वनी-खोल्यांमधून फिरवून घेतला जाई. वेगवेगळी वाद्यं ओळखू येऊ नयेत, सगळ्यांचा मिळून एकच नाद यावा, हाच हेतू. बीच बॉइजच्या ब्रायन विल्सननं हे सगळं कान देऊन ऐकलं आणि तीन वर्षांनी त्याचं उत्तर दिलं. त्याबद्दल पुढे येईलच.

मग बीटल्सनी वेगळं काय केलं?

आपली गाणी आपणच लिहायची, आपणच वाजवायची, ही रीत त्यांच्यामुळे रुळली. ब्रिल बिल्डिंगचा धंदा त्यामुळेच बसला. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकनांनी त्यांना पाहिलं. ४ एप्रिलच्या हॉट १०० यादीतली पहिली पाचही गाणी त्यांची होती.

पण मला त्यांचं मोठेपण या आकड्यांपेक्षा दुसऱ्या एका गोष्टीत दिसतं. त्यांनी यशस्वी झालेला साचा पुन्हा वापरला नाही. 'आय फील फाइन' (१९६४) गिटारच्या फीडबॅकनं, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या घुमणाऱ्या आवाजानं, सुरू होतं. 'पेपरबॅक रायटर'च्या बी बाजूवरचं 'रेन' (१९६६) वेगात वाजवून मग टेप हळू करून घेतलंय, म्हणून त्यातले ड्रम इतके जडशीळ वाटतात. शेवटी लेननचा आवाज उलटा वाजतो. शिरेल्सची, तसंच मार्व्हलेट्स आणि मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या इतर गायकांची गाणी त्यांनी सुरुवातीच्या अल्बमांमध्ये आवडीनं गायली होती. कृष्णवर्णीय अमेरिकेचं ऋण त्यांनी कधी लपवलं नाही, ही गोष्टही नोंदवायला हवी.

सोल संगीत कुठून आलं?

चर्चमधून. गॉस्पेल म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं. त्यांची आर्तता, हाक आणि प्रतिसादाची पद्धत, गळ्यातून सूर तोडत नेण्याची शैली हे सगळं रे चार्ल्स आणि सॅम कुक यांच्यासारख्यांनी ऱ्हिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीतात आणलं. देवासाठीची भावना माणसासाठी वापरली म्हणून धार्मिक मंडळींनी त्यांच्यावर टीकाही केली. सॅम कुक तर सोल स्टिरर्स या नामांकित गॉस्पेल गटाचा मुख्य गायक होता.

त्याचं 'अ चेंज इज गॉना कम' जानेवारी १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झालं. वंशभेदाचा अनुभव त्यात उघड आहे. ११ डिसेंबरला तो गोळी लागून गेला आणि त्याच महिन्यात ते गाणं सिंगलवर आलं, तेही 'शेक' या नाचाच्या गाण्याच्या बी बाजूला. सिनेमा पाहायला गेल्यावर हाकलून दिलं जातं असं सांगणारं कडवं या सिंगलमधून कापलं होतं. तेव्हाच्या रेडिओवर काय चालत होतं आणि काय नाही, ते या एका कापाकापीतून कळतं. अल्बममधलं पूर्ण गाणंच ऐका.

मोटाउन आणि स्टॅक्स यांच्यात फरक काय?

मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी डेट्रॉइटची. बेरी गॉर्डीनं १९५९ मध्ये कुटुंबाकडून ८०० डॉलर उसने घेऊन ती सुरू केली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात तिचा स्टुडिओ होता. गॉर्डीनं काही काळ मोटारींच्या कारखान्यात काम केलं होतं, आणि गाणंही तो टप्प्याटप्प्यानं, तपासणी करत तयार करून घ्यायचा. ठरलेल्या दिवशी बैठक भरायची, नवी गाणी वाजवली जायची आणि पसंतीला न उतरलेलं गाणं मागे पडायचं. मिक्सिंग करताना मोटारीतल्या रेडिओसारख्या छोट्या स्पीकरवर ते कसं वाजतंय हे ऐकलं जाई, कारण बहुतेक तरुण ते तिथंच ऐकणार होते.

सुप्रीम्सच्या 'व्हेअर डिड अवर लव्ह गो'ची (१९६४) सुरुवात लाकडी फळ्यांवर आपटलेल्या पायांनी होते. एवढ्याशा युक्तीनं ते गाणं कुठल्याही गोंगाटात ओळखू येतं. तिथून सलग पाच सिंगल्स पहिल्या क्रमांकावर गेली. ती सगळी लिहिली हॉलंड-डोझियर-हॉलंड या त्रयीनं.

स्टॅक्स मेम्फिसची. जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरच्या जुन्या चित्रपटगृहात स्टुडिओ उभारला. बाहेरच्या बाजूला, पूर्वी खाऊ विकायच्या जागेत, एस्टेलबाईंचं रेकॉर्डचं दुकान होतं. गिऱ्हाईक काय मागतंय ते भिंतीपलीकडे लगेच कळायचं. इथं व्हायोलिनांचे ताफे नाहीत. ऑर्गन, गिटार, बास, ड्रम आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं), तेही बरंचसं जागच्या जागी बसवलेलं. कडक वंशभेदाच्या दक्षिणेत तिथं गोरे आणि काळे वादक एकत्र वाजवत होते, हे विसरून चालणार नाही. त्यांना एकत्र बसता येईल अशा मोजक्या ठिकाणांपैकी लोरेन मोटेल हे एक होतं. गायक विल्सन पिकेट आणि स्टॅक्सचा गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांनी 'इन द मिडनाइट अवर' तिथंच लिहिलं, आणि ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली तीही तिथंच.

मोटाउनला 'खरं' सोल म्हणता येईल का? ते गोऱ्यांसाठी गुळगुळीत केलेलं पॉप नव्हतं का?

हा आक्षेप मला मान्य नाही. जेम्स जेमर्सनची बास गिटार ऐका. फोर टॉप्सच्या 'बर्नाडेट'मध्ये (१९६७) तो एका बोटानं जे वाजवतो ते जॅझ कोळून प्यायलेल्या माणसाचं काम आहे. त्याच्यावर लिव्हाय स्टब्सचा गळा फाटेस्तोवर लागलेला सूर. यात गुळगुळीत काय आहे?

खरा अन्याय दुसरा आहे. जेमर्सन आणि त्याचे साथीदार, ज्यांना फंक ब्रदर्स म्हणत, यांची नावं १९७१ पर्यंत मोटाउनच्या रेकॉर्डवर छापली गेली नाहीत. जगभर लोक त्यांच्या ठेक्यावर नाचले आणि नावानं त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. बिलबोर्ड मासिकानं १९६३ च्या अखेरीस ऱ्हिदम अँड ब्लूजची वेगळी यादीच बंद केली, कारण ती आणि पॉपची यादी जवळपास सारखी झाली होती. जानेवारी १९६५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि १९६९ मध्ये तिचं नाव 'सोल' ठेवलं गेलं.

'रिस्पेक्ट' मूळ कुणाचं?

ओटिस रेडिंगचं, १९६५ चं. त्यात नवरा दमून घरी येतो आणि बायकोकडे मान मागतो. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये अरीथा फ्रँकलिननं तेच गाणं बाईच्या तोंडी घातलं. एकेक अक्षर सुटं करून मान मागण्याचा तो प्रसिद्ध भाग मूळ गाण्यात नाहीच, तो तिचा. मागून तिच्या बहिणी साथ देतात. सगळं अडीच मिनिटांत संपतं, आणि गाणं कायमचं तिचं होतं.

ओटिस १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमधल्या विमान अपघातात गेला, वयाच्या २६ व्या वर्षी. तीनच दिवस आधी त्यानं 'डॉक ऑफ द बे'चं काम केलं होतं. स्टीव्ह क्रॉपरनं मित्र गेल्याच्या दुःखातच त्यावर लाटांचा आवाज चढवून ते पूर्ण केलं. गायक गेल्यानंतर हॉट १०० मध्ये पहिलं आलेलं ते पहिलं गाणं. त्यातली गिटार, तो संथपणा, शेवटची शीळ ऐकताना ओटिस कुठल्या दिशेला निघाला होता याचा अंदाज येतो.

जेम्स ब्राउन या सगळ्यात कुठे बसतो?

कुठेच नीट बसत नाही, म्हणूनच तो महत्त्वाचा. 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' (१९६५) आणि 'कोल्ड स्वेट' (१९६७) या सिंगल्समध्ये त्यानं चालीपेक्षा समेला वजन दिलं. गिटार असो की ब्रास, प्रत्येक वाद्य ताल धरतं. स्वर जवळजवळ बदलतच नाहीत. ही गाणी एका बाजूत मावत नसत, म्हणून ती 'भाग १' आणि 'भाग २' अशी दोन बाजूंवर तोडली जात. फंक या तालप्रधान संगीताचा पाया इथं आहे.

सायकेडेलिक आवाज प्रत्यक्षात कसा काढला जायचा?

सायकेडेलिक म्हणजे नशेत किंवा स्वप्नात असल्याचा भास देणारा आवाज. तो काढायला संगणक नव्हता. हातात होती ती टेप, कात्री आणि काही विजेची खोकी. टेप उलटी लावायची. वेग कमी-जास्त करायचा. एकच आवाज दोन टेपवर किंचित मागेपुढे वाजवून विमान डोक्यावरून गेल्यासारखा घूं-घूं परिणाम साधायचा. स्मॉल फेसेसच्या 'इचिकू पार्क'मध्ये (१९६७) तो ड्रमवर ऐकू येतो. फझ नावाच्या खोक्यातून गिटारचा सूर मुद्दाम फाटका करायचा. १९६८ च्या 'क्रिमझन अँड क्लोव्हर'मध्ये टॉमी जेम्सनं आपला आवाजच ॲम्प्लिफायरच्या थरथरीतून काढला.

दोन उदाहरणांपाशी थांबलंच पाहिजे. बीच बॉइजचं 'गुड व्हायब्रेशन्स' (ऑक्टोबर १९६६) ब्रायन विल्सननं कित्येक महिने, वेगवेगळ्या स्टुडिओंत, तुकड्यातुकड्यांनी मुद्रित केलं. प्रत्येक स्टुडिओच्या खोलीचा आवाज वेगळा आणि तो त्याला तसाच हवा होता. मग सगळे तुकडे कापून जोडले. त्यातला तो हुंकारणारा विचित्र सूर पॉल टॅनर यांच्या इलेक्ट्रो-थेरेमिन या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा. एका सिंगलवर इतका वेळ आणि पैसा त्याआधी कोणी घातला नव्हता. आणि निघालं काय, तर साडेतीन मिनिटांचं, पहिल्या क्रमांकावर गेलेलं, कुणालाही गुणगुणता येणारं गाणं!

बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'ची (फेब्रुवारी १९६७) करामत आणखी अवघड. लेननला एका मुद्रणाची सुरुवात आवडली होती आणि दुसऱ्याचा शेवट. दोन्हींचा वेग वेगळा, पट्टी वेगळी. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनितज्ज्ञ जेफ एमेरिक यांनी एकाचा वेग थोडा वाढवला, दुसऱ्याचा कमी केला आणि साधारण एका मिनिटावर दोन्ही जोडले. हेडफोन लावून ऐकलं तर त्या जागी हवा बदलल्यासारखी वाटते. दुसऱ्या बाजूला मॅकार्टनीचं 'पेनी लेन' होतं. एवढं असूनही ब्रिटनच्या मुख्य यादीत ते दुसऱ्याच क्रमांकावर थांबलं, कारण वर एंगेलबर्ट हंपरडिंकचं 'रिलीज मी' ठाण मांडून होतं. सामान्य श्रोता जुन्या धाटणीची प्रेमगीतंही तितक्याच आवडीनं विकत घेत होता.

पहिलं सायकेडेलिक सिंगल कोणतं?

एक नाव घ्यायचंच तर मी बर्ड्स या अमेरिकन बँडच्या 'एट माइल्स हाय'चं (मार्च १९६६) घेईन. दौऱ्यावर असताना बसमध्ये जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि पंडित रविशंकर यांच्या टेप सतत वाजत होत्या आणि तो परिणाम रॉजर मॅग्विनच्या बारा तारांच्या गिटारमध्ये थेट उतरला. अमली पदार्थांचा संशय घेऊन अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवणं थांबवलं.

सितार या गाण्यांत कशी शिरली? मुंबईचा यात काही संबंध आहे का?

आहे, आणि समजलं जातं त्यापेक्षा आधीपासून आहे. जानेवारी १९६५ मध्ये किंक्स हा लंडनचा गट ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत थांबला. पहाटे जाळी घेऊन कामाला निघालेल्या मासेमारांचं गाणं रे डेव्हिसच्या कानांवर पडलं. त्या स्मरणातून 'सी माय फ्रेंड्स' तयार झालं आणि जुलैमध्ये ते सिंगल म्हणून आलं. त्यात सितार अजिबात नाही. गिटारलाच तानपुऱ्यासारखा एक सूर धरून ठेवायला लावलंय, आणि वरून डेव्हिसचा आवाज आळसावल्यासारखा फिरतो. आपल्या किनाऱ्यावरच्या कष्टकऱ्यांचा सूर लंडनच्या हिट यादीत पहिल्या दहांत पोचला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्याच उन्हाळ्यात यार्डबर्ड्सनी 'हार्ट फुल ऑफ सोल'साठी खरा सितारवादक बोलावला होता, पण सितारीचा नाजूक आवाज बँडच्या गदारोळात टिकेना. शेवटी जेफ बेकनं फझ लावलेल्या गिटारवर ती सुरावट वाजवली. मे १९६६ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'पेंट इट ब्लॅक'मध्ये ब्रायन जोन्सची सितार पहिल्या क्रमांकापर्यंत गेली.

जॉर्ज हॅरिसननं मात्र हे वाद्य रंगापुरतं वापरून सोडलं नाही. सप्टेंबर १९६६ मध्ये तो रविशंकरांकडे शिकायला मुंबईत आला. जानेवारी १९६८ मध्ये त्यानं मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन काम केलं. त्यातलाच एक तुकडा पुढे लंडनला गायन चढवून 'द इनर लाइट' झाला आणि मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या बी बाजूवर आला. बीटल्सच्या सिंगलवर आलेली हॅरिसनची ही पहिली रचना, आणि तिचं सगळं वादन मुंबईत झालेलं. त्याआधी १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बमवर तबलावादक अनिल भागवत यांचं नाव छापलं गेलं होतं. बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं तेव्हा विरळाच.

उलट दिशेनंही वाहतूक चालू होती. 'आय वाँट टू होल्ड युअर हँड'ची चाल शंकर-जयकिशन यांनी १९६५ च्या 'जानवर'मध्ये 'देखो अब तो' म्हणून आणली.

हे सगळं एलएसडीमुळेच झालं ना?

एलएसडीसारख्या भास घडवणाऱ्या अमली पदार्थांचा प्रभाव होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'ची जोडणी किंवा 'गुड व्हायब्रेशन्स'मधले गायनाचे थर ही तासन् तास सावध राहून केलेली कारागिरी आहे. त्यात जॉर्ज मार्टिनसारखा शास्त्रीय शिक्षण घेतलेला शिस्तीचा माणूस होता. श्रेय मेहनतीला द्या. पिंक फ्लॉइडचा सिड बॅरेट हे या काळाचं दुसरं टोक. 'सी एमिली प्ले' (जून १९६७) सारखं झळझळीत सिंगल लिहिणारा हा मुलगा वर्षभरात बँडमध्ये टिकण्याच्या अवस्थेत राहिला नाही. त्या काळाचं गुणगान करताना ही किंमत लक्षात ठेवावी.

'ग्रेपव्हाइन'ची दोन रूपं इतकी वेगळी का?

'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' (म्हणजे 'उडत उडत कानावर आलं') हे गाणं नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांचं. निर्माता व्हिटफील्डच, कंपनीही तीच. मार्व्हिन गेनं ते १९६७ मध्ये गायलं, पण मोटाउनच्या बैठकीत ते नापास झालं. मग व्हिटफील्डनं ग्लॅडिस नाइट अँड द पिप्सकडून ते जलद, टाळ्यांच्या गॉस्पेल ठेक्यात गाऊन घेतलं आणि ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. मार्व्हिनचं मुद्रण १९६८ च्या अल्बममध्ये एका कोपऱ्यात पडलं होतं. रेडिओवाल्यांनी ते स्वतःहून वाजवायला सुरुवात केली, म्हणून कंपनीला सिंगल काढावं लागलं, आणि ते सात आठवडे पहिलं राहिलं.

ग्लॅडिसच्या गाण्यात फसवणूक कळलेल्या बाईचा संताप आहे. मार्व्हिनच्या गाण्यात संशय आहे. वेग उतरलेला, खंजिरीचा सावध ठेका, मागे व्हायोलिनांची काळी छाया. व्हिटफील्डनं पट्टी मुद्दाम वर ठेवली होती, त्यामुळे मार्व्हिनचा आवाज ताणलेला, जखमी वाटतो. शब्द तेच, माणूस वेगळा. सहा मिनिटं काढा आणि दोन्ही लागोपाठ ऐका.

सायकेडेलिक सोल हा वेगळा प्रकार आहे का?

आहे, आणि या पानावरचा माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा विषय तोच. सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोत स्लाय स्टोनपासून. तो रेडिओवर निवेदक होता आणि सोलच्या केंद्रावर बीटल्स, डिलन बिनदिक्कत वाजवायचा. त्याच्या बँडमध्ये काळे-गोरे, स्त्री-पुरुष सगळे होते. ट्रम्पेट सिंथिया रॉबिन्सन वाजवायची. 'डान्स टू द म्युझिक' (१९६८) मध्ये गायक ओळीओळीनं बदलतात.

ते ऐकून व्हिटफील्डनं टेम्प्टेशन्सना बदललं. 'माय गर्ल'सारखं मऊ प्रेमगीत गाणाऱ्या या गटातले पाच जण 'क्लाउड नाइन'मध्ये (१९६८) आळीपाळीनं, वा-वा गिटारच्या (पेडलनं सूर 'वा-वा' करायला लावलेल्या) किंकाळ्यांवर, झोपडपट्टीतल्या पोराची कहाणी गाऊ लागले. त्याच गाण्यानं मोटाउनला पहिलं ग्रॅमी मिळवून दिलं. सुप्रीम्सचं 'रिफ्लेक्शन्स' (१९६७) त्याच्याही आधीचं, सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक टिपक्यांसकट. सायकेडेलिक म्हटलं की फक्त गोऱ्या मुलांचे लांब केस डोळ्यांपुढे आणणाऱ्यांनी ही तीन सिंगल्स आवर्जून ऐकावीत.

दशकाच्या शेवटी सिंगल मागे का पडलं?

अमेरिकेत एफएम केंद्रांना एएमचाच कार्यक्रम दिवसभर परत वाजवण्यावर बंधन आलं. रिकाम्या वेळेत लांब गाणी वाजू लागली. एप्रिल १९६७ मध्ये टॉम डॉनह्यूनं सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स केंद्रावर हे सुरू केलं. स्लाय स्टोनला निर्माता म्हणून पहिली संधी देणारा माणूसही हाच. डोअर्सचं 'लाइट माय फायर' अल्बममध्ये सात मिनिटांचं होतं. एएमसाठी ऑर्गन-गिटारचा मधला भाग कापून ते तीन मिनिटांचं केलं. कोणतं रूप ऐकता यावरून तुम्ही कुठल्या गटातले ते ठरू लागलं. ब्रिटनमध्ये समुद्रातल्या जहाजांवरून चालणारी रेडिओ कॅरोलाइनसारखी खासगी केंद्रं ऑगस्ट १९६७ मध्ये कायद्यानं बेकायदा ठरवली गेली आणि ३० सप्टेंबरला बीबीसीचं रेडिओ वन सुरू झालं.

सोलमध्ये मात्र सिंगलचं राज्य पुढेही चालू राहिलं.

ऐकताना मोनो निवडावं की स्टिरिओ?

मोनोत सगळा आवाज एकाच वाटेनं येतो, स्टिरिओत डाव्या-उजव्या दोन वाटांनी. साधारण १९६८ पर्यंतच्या सिंगल्ससाठी मोनो. कलाकार आणि निर्माते मोनो मिश्रणापाशी बसायचे, स्टिरिओ अनेकदा मागाहून उरकलं जायचं. बीटल्सचं ब्रिटनमधलं पहिलं स्टिरिओ सिंगल थेट मे १९६९ चं, 'द बॅलड ऑफ जॉन अँड योको'. मोटाउन तर मोनोतच ऐका. ड्रम, बास आणि खंजिरी एकाच ठिकाणाहून अंगावर येतात.

सुरुवात कुठून करू?

वर्षांच्या क्रमानं, दोन-दोन गाणी मिळून. १९६३ चं 'बी माय बेबी' आणि लगेच १९६६ चं 'गुड व्हायब्रेशन्स'. ओटिसचं 'रिस्पेक्ट', मग अरीथाचं. 'सी माय फ्रेंड्स' आणि 'द इनर लाइट'. 'माय गर्ल' आणि 'क्लाउड नाइन', कारण ते गाणारा गट एकच आहे आणि मधे चारच वर्षं गेली आहेत. यातलं कुठलंही गाणं आवडलं तर त्याची बी बाजू शोधा.